पान बाविसावं

शाळेच्या समितीची वही माझ्याकडे असते,
कारण फिश प्लांट बंद पडायच्या आधी
सतरा वर्षं मी तिथे पगार वाटले
आणि एकदाही सेंटभर चुकले नाही.

जमा:
चर्चच्या हॉलमधली थंड ताटं, एकशे चार
(बीट घालून गुलाबी केलेलं बटाट्याचं सॅलड
एफीचं, नेहमीप्रमाणे).
मूसच्या मांसाची सोडत. जिंकल्या पाद्रीबाईच,
गाव आठवडाभर कुजबुजलं.
मारिसेल दुमलाओचे तीनशे लुंपिया.
तिला न्यूफाउंडलंडला येऊन दोन हिवाळेही झाले नव्हते,
मुलगा आठवीत.
दुकानातला कॉफीचा डबा: चिल्लर, एक बटण,
आणि पाकिटात पन्नास डॉलर, निनावी.
अक्षर मी ओळखते. सांगणार नाही.

खर्च:
वर्कशॉपचं छप्पर. अकरा वर्षं त्या खोलीला कुलूप;
जिल्ह्याच्या कचेरीनं तिला कागदावर
'वापरात नसलेली सुविधा' करून टाकलं होतं.
करवतीचं पातं.
स्प्रूसच्या फळ्या टिझर्डनं फुकट कापून दिल्या,
म्हणून त्या खर्चात नाहीत, जमेतही नाहीत.
हिशेब तपासनीस म्हणाला, असं चालत नाही.
म्हटलं, मग तुम्हीच सांगा, कुठे लिहू?

त्रेचाळीस मुलं अख्ख्या शाळेत. अकरावीत सात.
त्या सातांनी ठरवलं, होडी बांधायची.
फायबरची नाही. लाकडाची.

तांब्याचे रिवेट वर्जीनं आणून दिले
तंबाखूच्या गंजक्या डब्यात.
तिचा नवरा ज्या वर्षी परतला नाही
त्या हिवाळ्यात तो बांधणार होता एक.
मी लिहिलं: रिवेट, दोन पौंड.
किमतीची जागा कोरी सोडली.

आणि लिअँडर पेली.
त्यानं दमडी दिली नाही.
पण दर गुरुवारी, वादळ असो की बर्फ,
दारात हजर, टोपीसुद्धा न काढता,
नावं ठेवायला.
'ही फासळी वाकडी.' 'तो रंधा आहे की चमचा?'
'असली होडी माझ्या बापानं चुलीत घातली असती.'
केझाया एकदा हातोडा टाकून निघूनच गेली.
पुढच्या गुरुवारी आली तर
तो जमिनीवर बसून तीच फासळी तासत होता,
अठ्ठ्याहत्तर वर्षांचे गुडघे दुमडून,
आणि तोंड चालूच.

जूनमध्ये होडी पाण्यात सोडली. सगळं गाव धक्क्यावर.
दहा मिनिटांत आत घोटाभर पाणी.
कुणी हसलं नाही, तेच जास्त लागलं.
मी मनातल्या मनात बाविसावं पान फाडलं.
मुलं बादल्या घेऊन धावली, तसा लिअँडर गरजला:
'थांबा! बुडू द्या तिला.
कोरडं लाकूड ते. पोटभर पिऊ द्या.
फुगेल, मग मिटतील फटी.'

रात्रभर ती दोराला बांधलेली, काठोकाठ बुडालेली.
दोनला मी खिडकीतून पाहिलं.
तिच्याजवळ टॉर्च घेऊन कुणी बसलं होतं.
एक नव्हे, चार उजेड.
एक जरा थरथरणारा.

सकाळी उपसली. दुपारपर्यंत वाट पाहिली.
तळ कोरडा.
मारिसेलच्या मुलानं हात फिरवून खात्री केली,
मग मोजाही काढून फिरवला.

राहिली एकच पंचाईत: नावेला नाव नाही.
एकसष्ट देणगीदार, बासष्ट मतं.
सभा रात्री अकरापर्यंत चालली, केक संपला,
वर्जीनं नवऱ्याचं नाव सुचवलं नाही
आणि आम्हीही तिच्याकडे पाहिलं नाही.
शेवटी पोरांनीच ठरवलं, कुणाला न विचारता.
हिवाळाभर लिअँडरनं ठेवलेल्या नावांतलं
त्यातल्या त्यात बरं ते निवडलं
आणि पांढऱ्या रंगात नाळेवर लिहिलं:
वाकडी.

तो आला. चष्मा पुसला. बराच वेळ बघत राहिला.
म्हणाला,
'अक्षरं तरी सरळ काढायची.'